कार्पेटवरचे तेल आणि कार्पेटखालचे तेल: गाडी स्वच्छ करणाऱ्या दोन सेवांचा अनुभव

मे महिन्याच्या अखेरीस कराडहून पुण्याला परतत असताना, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर जे एस आकाराचे वळण लागते तेथे माझ्या गाडीतला घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा झाला. डावीकडच्या पुढच्या आसनामागे, पाय ठेवण्याच्या जागेत, दोन पिशव्यांच्या आधाराने तो उभा केला होता. पिशव्या सरकल्या आणि कॅन कलंडला. त्याचे बूच घट्ट बसले आहे की नाही हे निघताना मी पाहिले नव्हते, त्यामुळे दोष रस्त्याचा नव्हता आणि घाणेवाल्याचाही नव्हता. मागे कोणी बसलेले नसल्याने शिरवळला चहासाठी थांबेपर्यंत हा प्रकार आमच्या लक्षात आला नाही. मागचे दार उघडले तेव्हा भाजलेल्या शेंगदाण्यांचा सुरेख वास आला आणि पाठोपाठ पोटात गोळा आला.

नेमके किती तेल गेले हे पुढे प्रत्येक ठिकाणी विचारले जाणार, म्हणून घरी आल्यावर उरलेले तेल मी वजनकाट्यावर मोजले. शेंगदाणा तेलाचा एक लिटर साधारण 910 ग्रॅम भरतो, म्हणजे पाच लिटरचे साडेचार किलोच्या थोडे वर. त्यातले दोन किलो सातशे ग्रॅम उरले होते. याचा अर्थ सुमारे दोन लिटर तेल गाडीने पिऊन टाकले होते. वर मात्र फुलपात्रभर तेल सांडावे तेवढाच, हातभर लांबीचा ओला डाग दिसत होता. या विसंगतीचा अर्थ मला त्याच दिवशी कळायला हवा होता. तो कळला असता तर ज्या दोन सेवांबद्दल मी येथे लिहीत आहे त्यांपैकी पहिलीची गरजच पडली नसती.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांची मर्यादा समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. वर्तमानपत्रांच्या घड्या दाबून धरणे हा पहिला उपाय खरोखर कामाचा आहे, मात्र घासायचे नाही, केवळ दाबायचे. घासल्याने डाग पसरतो आणि तेल धाग्यांच्या मुळाशी जाते. शेजारच्या काकूंनी डाळीचे पीठ भुरभुरण्याचा सल्ला दिला. तो मी नम्रपणे टाळला, कारण त्या पिठाचा तेलात लगदा होतो आणि नंतर मुंग्या बोलावण्याची वेगळी सोय करावी लागत नाही. खाण्याच्या सोड्याची ख्याती त्याच्या गुणापेक्षा मोठी आहे. आंबूस वास तो काही अंशी कमी करतो, पण तेल शोषण्याची त्याची ताकद बेताचीच असते. त्या मानाने मुलतानी माती पुष्कळ बरी. लोकरीच्या कापडातले तेलकटपण काढण्यासाठी अशीच माती शतकानुशतके वापरली गेली आहे, आणि गॅरेजमध्ये सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. रात्रभर माती ठेवून सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली तेव्हा ती पिवळसर झाली होती, म्हणजे तिने आपले काम केले होते. पण माती जेथवर टेकते तेथवरचेच तेल ती शोषते.

आणखी एक काळजी सर्वांत आधी घ्यावी लागते. तेल लागलेल्या चपलेने ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवू नये. शिरवळला मी मागचे सामान हलवून तशीच चालकाच्या जागेवर बसले आणि पाय पेडलवरून घसरतो आहे हे गाडी सुरू करण्यापूर्वी जाणवले म्हणून निभावले. तळवे आणि तिन्ही पेडले साबणाच्या फडक्याने पुसल्यावरच पुढे निघालो.

आता पहिल्या सेवेबद्दल. घराजवळच्या एका वॉशिंग सेंटरमध्ये, ज्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, गाडी दाखवली. काउंटरवरच्या मुलाने दार उघडून वरूनच पाहिले आणि “मॅडम, एकदम नवी होईल” असे सांगितले. खाली किती मुरले आहे, तेल कशाचे आहे, केव्हा सांडले, यांतले काहीही त्याने विचारले नाही. बाराशे रुपयांत “इंटीरियर फोम” नावाची सेवा होती. कार्पेटवर भरपूर फेस फवारला, ब्रशने जोरात घासले, ओल्या फडक्याने पुसले, डॅशबोर्डवर चकाकी आणणारे द्रव्य लावले आणि लिंबाच्या वासाचा फवारा मारून दीड तासात गाडी हाती दिली. बिल मागितल्यावर चिठ्ठीवर आकडा लिहून मिळाला. गाडी खरोखर छान दिसत होती आणि मी समाधानाने घरी आले, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

तिसऱ्या दिवशी डाग परत आला. तो आधीपेक्षा फिकट होता पण मोठा होता, आणि त्याच्या कडेला साबणाच्या थराने धूळ धरून काळपट किनार तयार झाली होती. आठवड्याभरात वास बदलला. शेंगदाण्याचा खमंगपणा जाऊन जुन्या फरसाणाच्या पुड्यात नाक घातल्यासारखा खवट वास येऊ लागला, आणि उन्हात उभी केलेली गाडी उघडताना तर तो अंगावर येई. यात नवल काही नाही. तेलातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वासाची लहान संयुगे तयार होतात, उष्णतेत ही क्रिया वेग घेते, आणि उन्हाळ्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीइतकी तिला अनुकूल जागा दुसरी नाही. त्या केंद्राला फोन केला तेव्हा “पुन्हा एकदा फोम मारून घ्या, निम्म्यात करू” असे उत्तर मिळाले.

डाग परत का येतो हे समजून घेण्यासाठी गाडीच्या तळाची रचना माहीत असावी लागते. वर जे करडे किंवा काळे कार्पेट दिसते ते बहुधा पॉलिप्रॉपिलिन, पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या धाग्यांचे असते. यांपैकी पॉलिप्रॉपिलिन पाण्याला दूर लोटते आणि तेलाला मात्र चिकटून राहते. समुद्रात तेल सांडले की ते टिपण्यासाठी याच धाग्यांचे तक्के आणि चादरी वापरतात, यावरून त्याची तेलाशी असलेली जवळीक लक्षात यावी. पण खरा साठा त्याखाली असतो. गाडीचा आवाज आणि इंजिनाची उष्णता आत येऊ नये म्हणून कार्पेटखाली जाड नमदा किंवा स्पंजचा थर असतो, ज्याला कुशनचे काम करणारे सरसकट “फेल्ट” म्हणतात. दोन लिटर तेल त्याच थरात जाऊन बसले होते. वरचे कार्पेट साबणाने धुतले की ते काही काळ स्वच्छ होते, पण ते वाळू लागताच खालचे तेल धाग्याधाग्यांतून केशाकर्षणाने पुन्हा वर चढते. कंदिलाच्या वातीत घासलेट चढते तसेच. वरून दहा वेळा फोम मारला तरी वात विझत नाही, कारण खालची टाकी भरलेली असते.

हे मला सांगितले ते दुसऱ्या ठिकाणी. हे केंद्र लहान आहे, उपनगरातल्या एका गल्लीत दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढे, आणि शेजारीच आसनांचे कुशन शिवणाऱ्या कारागिराचे दुकान आहे. तेथील प्रमुखाने आधी दाराच्या चौकटीवरची रबरी कड (बीडिंग) बाजूला ओढली, दाराच्या उंबरठ्याची प्लास्टिकची पट्टी उचकटली, कार्पेटची कड वर करून खाली दोन बोटे घातली आणि ती मला दाखवली. बोटांवरून तेल ओघळत होते. “ताई, वरून कितीही धुवा, हे खालून येणारच. खालचं फेल्ट काढावं लागेल. दोन दिवस गाडी लागेल, आणि पाऊस आला तर तीन.” माझ्या दृष्टीने या सेवेची खरी किंमत या तीन-चार वाक्यांत होती. काम सुरू करण्यापूर्वी तपासणी, तिचे पैसे नाहीत, आणि लागणारा वेळ कमी करून सांगितलेला नाही.

कामाचे दर त्यांनी लिहून दिले: मजुरी 3,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630 रुपये, आणि नव्या फेल्टचे 600 रुपये शेजारच्या कारागिराला वेगळे. एकूण 4,730 रुपये झाले. सांडलेले तेल सव्वातीनशे रुपये लिटरचे होते, म्हणजे साडेसहाशेच्या तेलाने पहिल्या केंद्रासह सुमारे सहा हजारांचा खर्च काढला. हा हिशेब घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही.

काम मी जवळ उभी राहून पाहिले, आणि कोणी हरकत घेतली नाही, हेही लिहिण्यासारखे आहे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवली आणि काही मिनिटे थांबून मगच पुढच्या डाव्या आसनाचे चार बोल्ट काढले. हे थांबणे महत्त्वाचे. आसनाखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतील तर ते एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात, आणि बॅटरी जोडलेली असताना त्यांना हात लावला तर निदान इशाऱ्याचा दिवा तरी कायमचा पेटून बसतो. म्हणूनच आसन काढण्याचा प्रयोग घरी करावा असे मी सुचवणार नाही. नंतर मागच्या आसनाची गादी उचलली, डाव्या बाजूच्या उंबरठ्याच्या पट्ट्या काढल्या आणि कार्पेटचा डावा भाग उलटा दुमडून ठेवला. बहुतेक गाड्यांत कार्पेट पूर्ण तळाला मिळून एकसंध, साच्यात घडवलेले असते. ते संपूर्ण बाहेर काढायचे तर पुढच्या दोन आसनांमधला कन्सोलही काढावा लागतो. आमच्या बाबतीत तेल एकाच बाजूला होते, त्यामुळे तेवढे करावे लागले नाही.

खालचे फेल्ट पाहून माझे डोळे उघडले. वरचा डाग हातभर होता, खाली ते जवळजवळ आसनाच्या रुळापासून मागच्या गादीपर्यंत तेलाने जड झाले होते. ते धुऊन परत बसवता येईल का, असे मी विचारले. फेल्ट जुन्या कापडांच्या चिंध्यांचे दाबून केलेले असते, धुतले तर विसविशीत होते आणि आतून कधीच नीट वाळत नाही, असे उत्तर मिळाले. भिजलेला भाग कापून काढला, त्याच मापाचा नवा तुकडा बसवला. पत्रा पुसताना तळातल्या रबरी बुचांच्या कडेलाही तेल साचलेले निघाले. त्या बाजूने जाणारी वायरिंगची जुडी त्यांनी पाण्याने न धुता केवळ कोरड्या फडक्याने पुसली.

कार्पेटसाठी वापरलेली पद्धत मला सर्वांत पटली. भांडी घासण्याच्या द्रवसाबणासारखा तेल तोडणारा सौम्य द्राव कोमट पाण्यात अगदी कमी प्रमाणात मिसळून, तो कार्पेटच्या उलट्या बाजूने आधी आणि सुलट्या बाजूने नंतर लावला. दहा मिनिटे मुरू दिला. नंतर गरम पाणी फवारून त्याच तोंडाने लगेच ओढून घेणाऱ्या यंत्राने ते धुतले. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. त्यामुळे तेल पाण्यात सुटते खरे, पण ते पाणी गाडीबाहेर गेले नाही तर सगळा खटाटोप फुकट. पहिल्या केंद्रात नेमके हेच झाले होते: तेल सुटले, आणि तेथेच राहिले. येथे यंत्राच्या टाकीत आधी ताकासारखे पांढरट पाणी जमले, चौथ्या फेरीत ते बऱ्यापैकी निवळले, आणि शेवटच्या दोन फेऱ्या साबणाशिवाय, नुसत्या पाण्याच्या केल्या. साबण मागे राहिला तर तो धूळ धरतो, हे मला आता अनुभवाने माहीत होते.

वाटेत एका गॅरेजवाल्याने पेट्रोलचा बोळा फिरवण्याचा सल्ला दिला होता, तो मी येथे विचारून पाहिला. प्रमुखांनी हातच जोडले. पेट्रोलची वाफ कोणत्याही ऋतूत, साध्या ठिणगीने पेट घेते, बंद गाडीत ती साचून राहते, आणि शिवाय कार्पेटच्या पाठीचा चिकट थर त्याने विरघळतो. थिनरचीही हीच कथा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस सांडले असेल तर निराळ्या द्रावणाची गरज पडते हे त्यांनी मान्य केले, पण तेही कमी ज्वलनशील आणि डागापुरतेच वापरावे, असे त्यांचे म्हणणे. गोव्यातल्या किंवा कोकणातल्या वाचकांसाठी त्यांनी सांगितलेली एक युक्ती मला आवडली. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते, तेव्हा ते सांडले असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर ठेवावा, गोठलेला थर चमच्याने खरवडावा आणि मगच धुण्याचा विचार करावा. तुपालाही हे लागू. शेंगदाणा तेलाला नाही, दुर्दैवाने.

तेलाचा प्रकार विचारण्यामागे त्यांचे आणखी एक कारण होते. सगळी खाद्यतेले सारखी वागत नाहीत. आयोडीन मूल्य, म्हणजे तेलातील असंतृप्तपणा दाखवणारा आकडा, जितके जास्त तितके तेल हवेत लवकर घट्ट आणि चिकट होते. शेंगदाणा तेलाचे ते साधारण 85 ते 105 असते, करडईचे 135 ते 150, आणि जवसाचे 170च्याही वर. म्हणजे सोलापूरकडून करडईचे तेल आणताना सांडले तर महिनाभर वाट पाहण्याची चैन परवडणार नाही, कारण त्याचा रोगणासारखा थर बनू लागतो. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. आमचे तेल त्या मानाने गरीब स्वभावाचे, तरीही तेलाची सगळी फडकी पसरून वाळवावी आणि मगच टाकावी, असे मला बजावण्यात आले.

आता तक्रारी, कारण त्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. दोन दिवसांचे काम चार दिवस चालले. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या सरी आल्या आणि कार्पेट वाळेना. त्यांनी दोन पंखे लावून, कार्पेटची कड ठोकळ्यांवर उचलून ठेवून ते वाळवले, आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नवे फेल्ट बसवले नाही. ओले असतानाच झाकले असते तर बुरशी आणि पुढे पत्र्याला गंज ठरलेला, त्यामुळे विलंबाचे कारण मला मान्य आहे. पण हे मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी स्वतः फोन केल्यावर कळले. या दिवसांत कामावर रिक्षाने गेलेल्या ग्राहकाला सकाळीच सांगायला हवे होते. उंबरठ्याच्या पट्टीची एक क्लिप तुटली होती आणि ती न सांगता तशीच दाबून बसवली होती. मला ती दार लावताना होणाऱ्या किरकिरीवरून सापडली. दाखवल्यावर तत्काळ, पैसे न घेता, नवी लावून दिली. गाडी परत देताना त्यांच्या मुलाने सवयीने सुगंधाचा फवारा मारायला घेतला तो मी थांबवला. तेलाचा वास गेला की नाही हे तपासायचे असेल तर निदान आठवडाभर गाडीत कुठलाही सुगंध नको.

वास गेला आहे. गाडी दुपारच्या उन्हात तीन तास काचा बंद करून ठेवली आणि मग दार उघडून नाक आत घातले, ही माझी चाचणी मी आतापर्यंत चार वेळा केली आहे. शिवाय डागाच्या जागेवर पांढरा टिश्यू कागद ठेवून त्यावर जाड शब्दकोशांचे वजन रात्रभर ठेवले. पहिल्या केंद्रानंतर याच चाचणीत कागद पारदर्शक झाला होता, या वेळी तो जसाच्या तसा निघाला. आसनाच्या रुळाजवळ, जेथे यंत्राचे तोंड पोहोचत नाही, तेथे सुपारीएवढा फिकट ठिपका शिल्लक आहे. तो त्यांनीच मला दाखवला आणि तो निघणार नाही हेही सांगितले.

पहिल्या सेवेला मी पाचापैकी एक गुण देते, तोही डॅशबोर्डसाठी. चहा, धूळ, चिखल किंवा वरवरचे काही असेल तर तेथे जायला हरकत नाही, तेलासाठी जाऊ नये. दुसऱ्या सेवेला चार. अशा कामासाठी कोठेही गेलात तरी कार्पेट उचलून खालचे फेल्ट दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि जो पाहण्यापूर्वीच दर सांगतो त्याच्याकडे गाडी सोडू नये. पाण्याचा फवारा आणि ओढ एकाच वेळी करणारे यंत्र आहे का, हे विचारावे. नुसता ओला-सुका व्हॅक्यूम असेल तरी चालते, पण पाणी हाताने घालावे लागते आणि फेऱ्या वाढतात. वाफेच्या यंत्राचा मोह काही केंद्रे दाखवतात. आसनांच्या कापडासाठी ते चांगले आहे, परंतु ओढून घेण्याची सोय नसेल तर तापलेले, पातळ झालेले तेल आणखी खाली जाईल एवढेच.

कापडी मॅट मी काढून टाकल्या आहेत. त्यांच्या जागी उभ्या कडांच्या, ट्रेसारख्या मॅट बसवून घेतल्या. त्या दिसायला मला मुळीच आवडत नाहीत, परंतु बादलीतले पाणी ओतून पाहिले तेव्हा मागच्या एका मॅटमध्ये दीड लिटर पाणी न सांडता राहिले. तेलाचा कॅन आता डिकीत, प्लास्टिकच्या टबात उभा करून येतो, आणि त्याचे बूच निघताना कराडचे मामा आवळतात, मग मी आवळते.